भरल्या ताटावरून

बोट चालवणाऱ्या, साठीला टेकलेल्या दादू तांडेलाने वाचनालयात नाव घातलं, तेव्हा मिरकरवाडा बंदराला हसायला चांगलाच विषय मिळाला. सातवीनंतर ज्याने पुस्तकाला हात लावला नव्हता, तो माणूस जूनमध्ये मासेमारीबंदी लागून बोटी किनाऱ्याला आल्यापासून जाळी शिवायची सोडून रोज छत्री घेऊन निघायचा आणि वाचनालयाच्या संगणकासमोर कानाला हेडफोन लावून बसायचा. काय शिकतोस विचारलं तर म्हणायचा, "नेपाळी." मग तर विचारूच नका! बोटीवरच्या निम्म्या खलाशांची भाषा ती. पण खलाशाने तांडेलाची भाषा शिकायची असते, उलटं कधी कुणी ऐकलंय?

खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

फेब्रुवारीत त्याच्या बोटीवरून एक नेपाळी खलाशी समुद्रात गेला. तिशीतला गडी, कामाला वाघ. सगळे त्याला बहादूर म्हणायचे. नेपाळी दिसला की बहादूर म्हणायचं ही आपली रीत, नाव विचारायचे कष्ट कोण घेणार? गणपतीपुळ्यासमोर भर दुपारी दोर सुटला आणि त्याला ओढून घेऊन गेला. तीन दिवस शोधलं, सापडला नाही. बोटमालकाने गावी कळवलं, बाकीचे नेपाळी घाबरून घरी परतले आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं.

पण बहादूर घरी फोन करायचा तो दादूच्या मोबाइलवरून. आता त्याची आई दर शनिवारी दुपारी त्याच नंबरवर फोन करू लागली. ती बोलत राहायची, रडायची, शेवटी काहीतरी विचारायची आणि उत्तराची वाट बघत थांबायची. दादू नुसता "हां, हां" करायचा. समोरचं ताट निवून जायचं.

"त्या बायचा फोन आला की तुमच्या घशाखाली घास उतरत नाय," त्याची बायको सावित्री म्हणायची. "उचलताव कशाला?"

"आय हाय गो ती त्याची."

आंब्याच्या बागेतला एखादा नेपाळी राखणदार मध्ये घालून बोलता आलं असतं. पण जे सांगायचं होतं ते तिसऱ्याच्या कानावर घालायची दादूची छाती नव्हती.

त्या दुपारी बहादूर बोटीच्या मागच्या बाजूला नुकताच जेवायला बसला होता. भात आणि बांगड्याचं कालवण. बाकीचे खलाशी पुढे होते. त्याने पहिला घास उचलला आणि दादू सुकाणूवरून ओरडला, "ऊठ रे! दोर बघ आधी, मागनं जेव!" भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, हे कोकणात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. बहादूर घास ताटात ठेवून उठला. दोर सुटला तो दोराचा दोष असेल, दर्याचा असेल, पण उठवलं दादूने. ते ताट त्यानेच नंतर समुद्रात रिकामं केलं, कुणी बघायच्या आत.

वाचनालयातल्या मनस्वीने त्याला हिंदीतून नेपाळी शिकवणारे धडे काढून दिले. "अक्षरं आपलीच की!" दादू पहिल्याच दिवशी हरखला. पहिल्या धड्यातलं दुसरं वाक्य होतं, "खाना खायौ?" म्हणजे जेवलास का?

"बघा काका, भेटल्या भेटल्या जेवणाचं विचारतात," मनस्वी म्हणाली.

दादूने ते वहीत उतरवलं आणि त्या दिवशी पुढचा धडा लावला नाही.

जुलैत एका शनिवारी त्याला फोनमधलं पहिल्यांदा काही कळलं. "मेरो गगन," ती म्हणत होती. माझा गगन. दोन हंगाम बोटीवर राबलेल्या माणसाचं नाव दादूला आत्ता कळलं. लाजेने त्याचे कान तापले.

मरणावर धडा नव्हता. मग दादू मनस्वीला एकेक शब्द विचारायचा. उठवणे. चूक. माफी. ती शोधून द्यायची. पोरगी शहाणी, काकांना कुणाशी तरी बोलायचंय हे तिने ओळखलं, पण कशाला ते विचारलं नाही. बंदी उठायच्या आत, बोट पुन्हा दर्यात जायच्या आत, त्याचा एक कागद तयार झाला. शेवटची ओळ होती, "ऊ भोकै गयो, आमा. मैले उठाएँ." तो उपाशी गेला, आई. मी उठवलं.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी फोन वाजला.

"हजुर, आमा," दादू म्हणाला. "म अलि अलि नेपाली बोल्छु." मी थोडं थोडं नेपाळी बोलतो.

बाई सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं म्हणाली, "त्यो दिन गगनले खाना खाएको थियो?"

त्या दिवशी गगन जेवला होता?

दादूला ते शब्द ओळखीचे वाटले. पाच महिने दर शनिवारी ती शेवटी हेच विचारत होती आणि हा "हां, हां" करत होता.

उत्तर हातातल्या कागदावर होतं. त्याच्यासाठीच तर दोन महिने घासले. पण ते बोलून टाकलं की आपली छाती हलकी होणार, आणि ती बाई त्या डोंगरातल्या घरात रोज ताटावर बसणार तेव्हा काय करणार?

"खाएको थियो, आमा," तो म्हणाला. "पेट भरी." जेवला होता, आई. पोटभर.

"के खायो?" काय जेवला?

"भात. माछा."

बाई रडली. पण दर शनिवारसारखी नाही. गगनला मासे फार आवडायचे, एवढं दादूला कळलं. शेवटी ती म्हणाली, "तिमी पनि खाऊ, भाइ." तूही जेव, भावा. आणि तिने फोन ठेवला.

"बोललात, काका?" सोमवारी मनस्वीने विचारलं.

"बोललो."

"समजलं त्यांना?"

"समजलं," दादू म्हणाला आणि वाचनालयाचं कार्ड तिच्यापुढे ठेवून निघाला.

पुढच्या शनिवारी फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सावित्रीला बरं वाटलं. तिने गरम भात वाढला, वर कालवण ओतलं. दादूने खिशातून कागद काढला, उलगडला आणि ताटाकडे बघत शेवटची ओळ हलकेच म्हटली.

"काय म्हणालात?" सावित्रीने विचारलं.

"काय नाय," दादू म्हणाला, आणि ताट बाजूला सारून उठला.