अकरा सेंटीमीटर

मित्रांनो, नदीवरच्या पुलाच्या खांबाला चिकटलेली, आकडे लिहिलेली उभी पट्टी तुम्ही कधी पाहिली आहे का? पाणी किती चढले, किती उतरले, ते ती सांगते. तशीच एक जुनी पट्टी म्हणजे मी.

एका कारखान्यात लोखंडी पत्रा कापून मला घडवले. पांढरा मुलामा देऊन भट्टीत भाजले, मग सेंटीमीटरच्या काळ्या रेघा आणि मीटरचे लाल आकडे माझ्या अंगावर उमटवले. खांबावर बसवताना सर्वेअरने दुर्बिणीतून पाहत मला तीनदा वरखाली केले. मग तो म्हणाला, "बस, इथेच. आता हिचा शब्द प्रमाण."

त्या शब्दाला फार मान होता. नदीच्या वरच्या अंगाला धरण आणि संत्र्यांच्या बागा होत्या, खालच्या अंगाला मोठे गाव. दोघांमध्ये करार झाला होता. उन्हाळ्यात माझ्यावरचे पाणी दीड मीटरच्या खाली गेले, की वरच्यांनी धरणाचे दार उघडायचे. दीडच्या वर असेल, तर खालच्यांनी मागायचे नाही.

रोज सकाळी आठ वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता मोजणीदार ताई यायच्या. पायऱ्या उतरून, चष्मा पुसून त्या माझ्याकडे बघायच्या आणि वहीत आकडा लिहायच्या. त्यांचे सासर वरच्या बाजूला, बागांमध्ये. धाकटी बहीण मात्र खालच्या गावात दिलेली. पण वीस वर्षांत त्यांनी एकही आकडा कुणाच्या सोयीने लिहिला नाही.

एका वर्षी मोठा पूर आला. वाहून आलेले झाड माझ्यावर आदळले, बोल्ट ढिले झाले. पाणी ओसरल्यावर फिटर आला. मी होते तिथेच त्याने मला आवळले आणि "झालं काम" म्हणून निघून गेला. खरे सांगते, मी खाली घसरले आहे हे मला कळलेच नाही. मला वाटले, नदीच थोडी वर आली आहे.

मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला. खालच्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागले. एका दुपारी दोन्हीकडचे इंजिनियर माझ्यासमोर उभे राहिले.

"एक छप्पन," वरचे साहेब म्हणाले. "दीडच्या वर आहे. आम्ही करार मोडलेला नाही."

"गेल्या दुष्काळात एक छप्पन होतं, तेव्हा हा खडक पाण्याखाली होता," खालचे साहेब म्हणाले. "आज तुम्ही त्यावर बूट घालून उभे आहात."

"खडक काय मोजायचं साधन आहे का? पट्टी काय म्हणते ते बघा."

दोघेही माझ्याकडे बघू लागले. पाणी माझ्या एक छप्पनच्या रेघेला टेकले होते, हे खरे होते. आणि खडक कोरडा होता, हेही खरे होते. दोन खरी माणसे भांडावीत तसा माझ्या मनात गोंधळ उडाला.

साहेब गेले. ताई मात्र थांबल्या. त्या माझ्या डोक्यावरच्या खांबाकडे बघत होत्या. तिथे सिमेंटचा एक पट्टा बाकी खांबापेक्षा उजळ दिसत होता. वर्षानुवर्षे झाकलेली जागा उघडी पडावी तसा. ताईंनी पर्समधून टेप काढून तो मोजला. अकरा सेंटीमीटर.

तेवढ्यात त्यांचे दीर मोटारसायकलवरून आले. ताईंनी त्यांना तो पट्टा दाखवला. त्यांना सगळे लगेच उमगले.

"वहिनी, तुम्ही आकडा वाचायचा. पट्टी कुठे आहे ते बघणं तुमचं काम नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "दार उघडलं तर बागांना पाणी उरणार नाही, आपली बाग जळेल. मुलासारखी वाढवलीय मी ती."

"ठाऊक आहे, भाऊजी. ती रोपं लावताना मीही होते." ताईंनी टेप गुंडाळला. "पण दोन वर्षं मी चुकीचं लिहितेय. आता कळल्यावर उद्या कोणता आकडा लिहू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयात पट्टी तपासण्यासाठी अर्ज दिला. सर्वेअर आले, त्यांनी पुलावर कोरलेल्या उंचीच्या जुन्या खुणेपासून मोजले. खरी पातळी होती एक मीटर पंचेचाळीस. धरणाचे दार उघडले, आणि चौथ्या दिवशी खालच्या गावाच्या नळांना पाणी आले.

ताईंना शाबासकी मिळाली असेल, असे तुम्हाला वाटेल. वरचे म्हणाले, घरचीच बाई उलटली. खालचे म्हणाले, दोन वर्षे डोळे मिटून वाचत होतात का? दिरांची अर्धी बाग वाळली, आणि वर्षभर ते वहिनीशी बोलले नाहीत. बहिणीने तेवढा फोन केला. "आज दोन हंडे भरले, ताई," एवढेच म्हणाली आणि रडली.

मला काढून तिथे नवी पट्टी बसवली. मी आता त्याच कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेली असते. अजूनही मला कोडे सुटत नाही. मी एकदाही खोटे बोलले नाही, पाणी जिथे टेकले तीच रेघ दाखवली. तरी माझ्यामुळे एक गाव दोन उन्हाळे तहानलेले राहिले. मग याला खोटे म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

मित्रांनो, आम्हा मापांना आपली जागा स्वतः पाहता येत नाही. म्हणून आमच्यावर विश्वास ठेवा, पण अधूनमधून आम्हाला तपासतही जा. आणि कुणी आपलीच चूक सांगायला पुढे आले, तर निदान त्याला बसायला खुर्ची द्या. अर्ज द्यायला आल्या त्या दिवशी ताई इथे तीन तास उभ्या होत्या.