अहवाल अडवणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. कवितेची नव्हे, संगणकाच्या प्रोग्रॅममधली. जाणकार मला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. इंदूरच्या पलासिया भागातल्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी देवेंद्रने मला लिहिलं. रुग्णाचा नंबर निव्वळ आकड्यांचा असेल तरच अहवाल पुढे सोडायचा, हे माझं काम. दुसरं काही मध्ये घुसलं, की मी अडवते. संशय घेणं हाच माझा पेशा, आणि लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाई त्याचं कौतुक करत.

त्याच सुमारास इंदूरच्या कापड मिल्स बंद पडत होत्या. एका मिलच्या ऑफिसातल्या टायपिस्ट अंबिकाजी आमच्याकडे नंबर टाइप करायला आल्या. नवराही त्याच मिलमधून घरी बसलेला, त्यामुळे घर त्यांच्या पगारावर चाललं होतं. त्या आल्या आणि अडलेल्या अहवालांचा ढीग साचू लागला. रुग्ण काउंटरवर भांडू लागले.

देवेंद्रने डोळ्यांत तेल घालून पडदा पाहिला. नंबर बरोबर दिसत होते. तोच नंबर त्याने स्वतः टाइप केला, तर मी मुकाट्याने सोडला. अंबिकाजींचा मात्र अडवला. मलाही त्या बाईंचा दाट संशय येऊ लागला.

“जानबूझकर करताहेत,” तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. “मिलवाल्यांना कॉम्प्युटरचा राग आहे.”

डॉक्टरीणबाईंनी सोमवारपासून दुसरी मुलगी ठरवून टाकली. अंबिकाजींच्या कानावर ते गेलंच.

“देवेंद्रजी, जरा बाजूला बसा,” त्या म्हणाल्या. “मी काय करते ते बघा, मग खुशाल काढा.”

तो बसला. त्यांची बोटं झरझर चालू लागली. एकचा आकडा आला, की बोट वर आकड्यांकडे जाईचना. ते उजवीकडे सरके आणि इंग्रजी छोटा एल दाबे.

“अंबिकाजी, हा तर एल आहे.”

“मिलच्या टाइपरायटरला एकचं बटनच नव्हतं, भिया. सगळे एलच दाबायचे. बोटांना तीच आदत.”

पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत. फरक मला कळत होता, पण मला बोलता येत नाही.

देवेंद्र ओशाळला. “मी प्रोग्रॅम ढिला करतो. एलही चालेल.”

“नको. उद्या भलताच नंबर पास होईल आणि कुणाचा रिपोर्ट कुणाला जाईल. बोट माझं आहे, मी वळवीन.”

देवेंद्र उठला आणि डॉक्टरीणबाईंना आपली चूक सांगून आला. अंबिकाजींची नोकरी राहिली.

आता लॅबमध्ये नवं सॉफ्टवेअर आहे. मी एका फ्लॉपीत पडून असते, कुणी विचारत नाही. मित्रांनो, मला फक्त अक्षरं दिसतात, म्हणून मी संशय घेते. तुम्हाला तर माणसं दिसतात. कुणाला चोर ठरवण्याआधी त्याला काम करताना एकदा पाहा.