शुभेच्छुक नसलेला फोटो

फोटोवर अक्षरं लिहून तो मेलवर फिरवला की त्याला काय म्हणायचं, यावरून २००९ साली हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत रोज चहाला वाद व्हायचा. टेस्टिंगमधली जुईली म्हणायची डिमोटिव्हेटर, कारण काळी चौकट आहे. शैलेश म्हणायचा, छे, हा मॅक्रो. कुणी मीम म्हणे, कुणी त्यालाच मेमे. मी रिसेप्शनवर बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हलकटपणा. कारण फोटो माझ्या भावाचा होता.

वाल्मीक कंपनीची कॅब चालवायचा. दोन शिफ्ट ओढून पार्किंगमध्ये सीट मागे करून झोपला होता, तोंड उघडं टाकून. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आमचा सर्व्हर. कायम चालू.’ सगळा आयटी पार्क हसला. हसू दे म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण पौडच्या जान्हवीशी त्याचं लग्न जमत आलं होतं, आणि तिचा चुलतभाऊ दुसऱ्या एका कंपनीत हाउसकीपिंगला होता. तिथल्या स्क्रीनवर फोटो पाहून त्यानं घरी सांगितलं, पोरगा पिऊन पडलाय, त्याचा फ्लेक्स लागलाय.

जान्हवीचे वडील विठ्ठलराव दुसऱ्याच दिवशी आमच्या महाळुंग्याच्या घरी आले. घामाघूम झालेले.

“समदे चौक फिरून आलो,” ते म्हणाले. “फ्लेक्स कुटंच दिसंना. काढला व्हय तुमी?”

“चौकात नव्हता, काका. कंप्युटरात हाय.”

“कंप्युटरात कुटं?”

“सगळीकडं,” मी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आणखी पडला.

त्यांनी विचारलं, “खाली शुभेच्छुक कोन हायेत?”

“कुनीच न्हाई.”

“बिननावाचा फ्लेक्स?” त्यांना हे अजिबात पटलं नाही. “ज्याला नाव घालायचं धाडस न्हाई त्याचं मी खरं धरनार न्हाई. पन भावकी धरती, पोरी. जान्हवीला तर वाल्मीक पसंत हाय. मी काय सांगू लोकांना?”

ते चहा न घेताच गेले. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. सकाळी चहाच्या घोळक्यात मी सरळ घुसले.

“नाव काय द्यायचं ते नंतर ठरवा. आधी हे केलं कुणी ते सांगा.”

जुईलीनं शैलेशकडे पाहिलं. शैलेश कपात बघत म्हणाला, “मॅक्रोमध्ये पर्सनल काही नसतं गं.”

“त्या दिवशी पहाटे तुला भूगावला सोडून आला होता तो. म्हणून झोपला होता.”

शैलेशनं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “मेल पाठवून माफी मागू?”

“विठ्ठलराव मेल वाचत नाहीत. फ्लेक्स लाव. फोटो तोच, खाली तुमची नावं, आणि तुझा मोबाइल नंबर.”

वाल्मीकला कळलं तेव्हा तो माझ्यावरच उखडला. “आता चौकात बी घोरायचं का मी?” पण जान्हवीचं नाव काढल्यावर वरमला.

पौडच्या स्टँडसमोर फ्लेक्स लागला. ‘आम्हा सर्वांना सुखरूप घरी सोडून मगच डोळा लावणारे आमचे वाल्मीकदादा.’ खाली कॅबमधल्या सगळ्यांची नावं, सगळ्यात वर शैलेश. विठ्ठलरावांनी त्या नंबरवर फोन लावला आणि शैलेशची उलटतपासणी घेतली. पोरगा पितो का, गाडी कशी चालवतो, बायकांना शेवटी सोडतो की आधी. शैलेश पार्किंगमध्ये फेऱ्या मारत ‘हो काका, नाही काका’ करत होता. मला मनापासून बरं वाटलं.

रविवारी दुपारी विठ्ठलराव पुन्हा आले. या वेळी जान्हवीची आई सोबत, हातात पेढ्यांचा पुडा. वाल्मीक आतल्या खोलीत आडवा झाला होता. मी त्याला उठवायला निघाले तर त्यांनी हात करून थांबवलं.

“निजू दे त्याला,” ते म्हणाले. “साखरपुड्याचं तुज्याशीच बोलतो.”