बिनतुपाचं ताट

या भानगडीत उत्तरेश्वरच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. पुण्याची लेक प्रतीक्षा तीन वर्षांनी दोन दिवस घरी आली असती, आणि रांगत असताना शेवटची बघितलेली नात सृष्टी मांडीवर बसली असती. बस, एवढंच. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला एवढ्यासाठी किती तंगडतोड परवडते हे कळायला हवं होतं. पण लेकीच्या बाबतीत त्याचं गणित कच्चंच होतं.

प्रतीक्षानं दूध-दही-तूप सोडलं होतं. व्हीगन का काय ते. तिची आई धुरपदाबाई, तिच्या दावणीला दोन म्हशी. "माझ्या म्हशीच्या दुधावर वाढली, आन् आता त्येच पाप झालं व्हय?" असं म्हणत तिनं मागच्या खेपेला आमटीच्या फोडणीत गुपचूप तूप घातलं. लेकीनं पहिल्याच घासाला ओळखलं आणि दुपारची गाडी धरली. तेव्हापासून मायलेकींचं फोनवरही बोलणं नाही.

आता तीन वर्षांनी लेक म्हणाली, "अण्णा, येते. पण आईच्या हातचं खाणार नाही. सृष्टीला बस लागते, म्हणून रेल्वेनं येऊ. स्टेशनापासून चालत जाता येईल असं एखादं हॉटेल बघून ठेवा, आमचं चालेल असं. रात्री झोपायला घरी येऊ."

धुरपदाबाईनं हे ऐकलं आणि म्हशीकडं बघून म्हणाली, "निस्तं झोपायला यायचं तर लॉज बघा म्हणावं."

दोन्हीकडून हाणून घ्यायची सवय असल्यानं उत्तरेश्वर पिशवी घेऊन निघाला.

चार दिवस तो रेल्वेनं आसपासची स्टेशनं हिंडला. येडशीला उतरला. तिथल्या ढाब्यावर 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी मालकापेक्षा मोठी होती. मालक रुद्रेश म्हणाला, "दाल फ्राय बिनतुपाची? करतो की." केली आणि वरून लोण्याचा गोळा सोडला. "काका, ह्ये तूप न्हाय, लोणी हाय." कळंब रोडला फक्त चहा मिळाला, तोही दुधाचा. धाराशिवात एका हॉटेलवाल्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डाक्टरनं किती दिवस सांगितलंय?"

पाचव्या दिवशी धाराशिव स्टेशनाबाहेर त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल त्यानं तिथंच टाकली. आठवडाभर दाढीला हात लागला नव्हता. अनवाणी पायांनी, गुडघे धरत तो समोरच्या एका खोलीच्या खानावळीत शिरला. चुलीपुढं सिताबाई भाकरी थापत होती.

"बाई, दूध, दही, तूप, ताक, कायबी नको. तसं ताट मिळंल का?"

सिताबाईनं त्याच्या गालाकडं बघितलं, पायांकडं बघितलं आणि हातातली भाकरी सावकाश तव्यावर टाकली. सुतकातला माणूस तिला ओळखता येत नव्हता असं थोडंच होतं!

"बसा दादा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दहाव्या दिवसाच्या सामानाला निघालाव व्हय? कोण गेलं? आई का वडील?"

उत्तरेश्वरला तिथंच 'कोणी न्हाय' म्हणता आलं असतं. पण पाच दिवसांत त्याला 'बसा' असं कोणी म्हटलं नव्हतं. घरी तर नाहीच. सिताबाईनं पाट दिला, तांब्या दिला, पुठ्ठ्यानं वारा घालायला लागली.

"आई," तो म्हणाला. आई गेली होती हे खरंच होतं. बारा वर्षांपूर्वी, एवढंच सांगायचं राहिलं.

गरम भाकरी, तेलातलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं. थेंबभर तूप नाही. सिताबाई आपली सासू गेली तेव्हाचं सांगत राहिली, मध्येच पदरानं डोळे पुसत राहिली. उत्तरेश्वरनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. उठताना खिशात हात घातला तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. सुतकातल्या माणसाकडून म्या घेत न्हाय."

त्यानं काढलेली नोट परत खिशात ठेवली. संध्याकाळी लेकीला फोन करून सांगितलं, "सापडलं बघ. स्टेशनापसून पन्नास पावलं."

तीन आठवड्यांनी प्रतीक्षा आली. सृष्टीनं आजोबाचं बोट धरलं आणि पन्नास पावलांत पन्नास वेळा भूक लागली म्हणून सांगितलं. उत्तरेश्वर आता दाढी करून, नव्या चपला घालून आला होता. सुतक सरलंय, आता काय अडचण, असा त्याचा हिशोब.

सिताबाईनं लगेच ओळखलं. तिघांना पाट दिले, ताटं वाढली, पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि प्रतीक्षाच्या शेजारी टेकली.

"लेक व्हय तू? घरात मयत झालं तवा बाप अनवाणी आल्ता बघ हितं. लई नेमानं पाळलं त्येनं. तुपाचा थेंब शिवला न्हाय."

प्रतीक्षाचा चेहरा पांढरा पडला. "अण्णा, कोण गेलं?"

उत्तरेश्वरनं सृष्टीचं ताट तिच्याजवळ सरकवलं.

"आई कुठंय? अण्णा, आई फोनवर का येत नाही? मला का नाही कळवलंत?" तिचा आवाज फाटला. सृष्टी गूळ तोंडात धरून रडायला लागली.

"आगं, आई बरी हाय. म्हशीला वैरण टाकत आसंल," उत्तरेश्वर म्हणाला. मग सिताबाईकडं न बघता पुढचं सांगितलं. "कोणी गेलं न्हाय. माझी आई बारा वर्षांमागं गेली. त्या दिवशी चप्पल तुटली व्हती आन् लेकीसाठी जेवण बघत हिंडत व्हतो."

सिताबाई प्रतीक्षाच्या शेजारून उठली.

"जित्या माणसांचं सुतक खाल्लंत व्हय माझ्या घरी?" सिताबाई म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं वाढलेली ताटं एकेक करून उचलली. "लेकराला गूळ ऱ्हाऊ द्या. तुमी उठा."

दुपारचे दोन वाजले होते. चालत जाता येईल असं दुसरं काही नव्हतं, हे उत्तरेश्वरइतकं कोणाला ठाऊक असणार? रिक्षा वस्तीवरच्या घराकडं वळली.

धुरपदाबाई अंगणात होती. लेकीनं तिच्या दंडाला हात लावून बघितला, माणूस जिवंत आहे ना ते बघायला लावतात तसा. धुरपदाबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिला फक्त दमलेली पोरगी दिसली आणि भुकेनं रडकुंडीला आलेली नात.

"खाल्लं न्हाय व्हय काय?"

"नाही."

ती आत गेली. भाकरी, ठेचा, कोरडं वांगं वाढलं. तुपाच्या बरणीकडं तिचा हात दोनदा गेला आणि दोनदा मागं आला. प्रतीक्षा जेवली. बोलणं झालंच नाही. नुसत्या भाकऱ्या सरल्या. दोन दिवसांनी जाताना मात्र ती म्हणाली, "दिवाळीला येईन."

म्हणजे उत्तरेश्वरला हवं ते मिळालं. लेकीनं तीन वर्षांचा हट्ट मोडला, धुरपदाबाईनं हाताची सवय आवरली. ज्याचं त्यानं भरलं. राहिलं एकच ताट. आठ दिवसांनी तो पैसे घेऊन सिताबाईकडं गेला. तिनं नोट घेतली, एका ताटाचे पैसे कापले, उरलेले सुट्टे त्याच्या हातावर मोजून ठेवले आणि दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या एका अनवाणी माणसाला विचारलं, "पैसे हायेत का? आधी दाखवा."