चार बटणांचं शेत

धोंडीबाने ट्रॅक्टर वळवला आणि थेट विहिरीत घातला.

चूक त्याची नव्हती. एक हात माऊसवर, दुसरा कीबोर्डवर आणि फोन मान वाकडी करून खांद्यात दाबलेला. अशा अवस्थेत भल्याभल्यांचे ट्रॅक्टर विहिरीत जातात. त्यात फोनवर हिंदुराव होता.

“बुडाला,” धोंडीबा म्हणाला.

“कोण?”

“ट्रॅक्टर.”

“तरी म्हणतो बैल घे लेका. बैल विहीर बघून थांबतो तरी.”

ट्रॅक्टर गेल्याचं धोंडीबाला तेवढं दुःख झालं नाही, कारण एक कळ दाबली की नवा कोरा ट्रॅक्टर गोठ्यापुढे उभा राहत होता. निगडीच्या त्या घरात, बायकोच्या, गिरजाबाईच्या शिलाई मशीनला खेटून ठेवलेल्या टेबलावर, धोंडीबाची शेती होती. लेक मैत्री हिंजवडीला कामाला. तिने स्वतःला नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना बापाला दिला आणि त्यात हा शेतीचा गेम घालून दिला. धोंडीबाच्या सात पिढ्या दुसऱ्यांच्या रानात राबल्या, स्वतःच्या नावावर तुळशीएवढी माती नव्हती. आता नजर पोचेल तिथवर गहू डोलत होता, आणि मुख्य म्हणजे बांध कोरायला शेजारी नव्हता.

अडचण एकच. गहू पिकला की हार्वेस्टर चालवायला एक गडी लागायचा आणि त्याच्या बगलेला ट्रॉली लावून चालायला दुसरा. धोंडीबा एकटाच. यातून उतर, त्यात चढ, असं करता करता अर्धा गहू वावरातच सांडायचा. दुसरा गडी कोण, हे त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. पण तो गडी दसऱ्यानंतर तळेगावला, मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता.

हिंदुराव आणि धोंडीबा उभी हयात पत्र्याला आकार देणाऱ्या एकाच प्रेसवर जोडीने होते. आधी भोसरीला, आणि कंपनी हलली तशी चाकणला. ती प्रेस म्हणजे दुमजली घरच. पत्रा आत सरकवायचा, दोघांनी दोन बाजूंना आपापल्या खांबाशी उभं राहायचं. प्रत्येक खांबावर दोन बटणं. चारही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची. दोघांचे चारही हात बटणांवर असले म्हणजे आत कुणाचा हात राहत नाही, एवढाच त्यातला मतलब. म्हणून आधी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, मान हलवायची, मग दाबायचं. धोंडीबाच्या उजव्या बटणाची कड टोचायची. तो तिच्यावर निळी टेप गुंडाळायचा, दुसऱ्या शिफ्टचा माणूस ती काढून टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी धोंडीबा ती पुन्हा गुंडाळायचा. दोघेही निवृत्त झाले, पण टेपचा निकाल लागला नाही.

हिंदुरावच्या तोंडी मात्र ती प्रेस नुसती प्रेस राहिली नव्हती. तिचा ठोका पडला की देहूला मांडणीवरची भांडी हलायची. एकदा फोरमनची सायकल चुकून आत राहिली, तर बाहेर परात निघाली, आणि त्या परातीला घंटी होती. “खोटं वाटत असंल तर ह्या धोंडीबाला विचारा,” असं म्हणून हिंदुराव त्याच्याकडे बोट करायचा.

धोंडीबा तोंडावरची सुरकुती न हलवता म्हणायचा, “मी त्या दिवशी सुट्टीवर होतो.”

हिंदुरावच्या झाडून सगळ्या हकिकती धोंडीबाच्या सुट्टीच्याच दिवशी घडलेल्या. तसं पाहिलं तर धोंडीबा कंपनीत कधी गेलाच नसावा.

निवृत्तीनंतर हेच सगळं निगडीत पाण्याच्या टाकीखालच्या बाकावर रोज संध्याकाळी चालायचं. आता त्या बाकावर कुत्री झोपत. धोंडीबाचा गुडघा, स्टेशनचा जिना, हिंदुरावचं बीपी. “येतो, येतो” दोघेही म्हणत आणि येत कुणीच नव्हतं. उरला फोन. आणि फोनवर हिंदुरावच्या थापा फुगेनात. समोर चेहरा नसला की थाप मारणाऱ्याचे हात बांधल्यासारखे होतात. हल्ली तो हवापाण्याचं खरंखरं सांगू लागला होता, आणि त्याचीच धोंडीबाला धास्ती वाटत होती. खरं बोलायला लागलेला हिंदुराव म्हणजे दुखणाईत माणूस.

म्हणून हा गेम. निरंजन, हिंदुरावचा मुलगा, रविवारी बापाला तो घेऊन देणार होता. पीसीवरचा घ्यायचा की टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरचा, एवढंच ठरायचं होतं. ट्रॅक्टर बुडाला त्या दिवशी मैत्री घरीच होती. तिने बापाच्या खांद्यातला फोन काढून स्पीकरवर टाकला.

“काका, नीट ऐका. पीसीवरचा घ्या. मग तुम्ही तळेगावात, बाबा इथे, तरी दोघांचं शेत एकच. नेटवरून जोडता येतं. कन्सोलवरचा घेतलात तर बाबांच्या शेतात तुम्हाला येताच येणार नाही. ह्या गेममध्ये दोघांची भावकी वेगळी.”

“मग कन्सोलवर माणूस एकटाच नांगरतो काय?”

“नाही, दोघं खेळतात की. पण एकाच टीव्हीपुढे शेजारी शेजारी बसून. तुम्हाला त्याचा काय उपयोग?”

“शेजारी बसून,” हिंदुराव म्हणाला. “आणि पीसीवर?”

“आपापल्या घरी बसून. म्हणजे बाबांना गुडघा घेऊन तळेगावला यायची गरजच नाही.”

“गरजच नाही,” धोंडीबाही आनंदाने ओरडला. “ऐकलंस का हिंदुराव? पीसी. लक्षात ठेव. पीसी!”

मग हिंदुराव म्हणाला, “बरं.” एवढंच. बैलाचं नाही, परातीचं नाही. धोंडीबाला वाटलं, रेंज गेली.

रविवारी दुपारी निरंजनचा फोन आला. आवाज पडलेला होता.

“काका, बाबांनी कन्सोल घेतला. मी दुकानात हात जोडले, पण ऐकतच नाहीत. म्हणाले, धोंडीबानंच सांगितलंय.”

धोंडीबाने हातातली भाकरी ताटात ठेवली.

“मी पीसी सांगितलं. शेजारच्या दोन इमारतींनी ऐकलं एवढ्या मोठ्यांदा सांगितलं!”

“अहो, विसरला असेल माणूस,” गिरजाबाई म्हणाली.

“हा आणि विसरंल? ज्या सायकलीची परात झालीच नाही तिचा रंग आठवतो ह्याला!”

त्याला राग आला होता आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. हिंदुरावला आपल्या शेतात यायचंच नसेल तर? नवा फ्लॅट, नवी माणसं, तिथे म्हणे बागेत हास्यक्लबही होता. गव्हाचं पीक कापणीला आलं होतं. धोंडीबा पडद्यापुढे बसला, पण हार्वेस्टर काही चालू केला नाही.

मैत्रीने तोड काढली. खोकं आणि बिल नेलं तर दुकानदार आठवड्याच्या आत बदलून देणार होता. “तुम्ही नुसतं खोकं शाबूत आहे का बघा. मी शनिवारी गाडी घेऊन जाते.”

बघायला फोन पुरला असता. पण समोर उभं राहून शिव्या घालायची संधी धोंडीबाला सोडवेना. बुधवारी दुपारी त्याने गुडघ्याला पट्टा बांधला, आकुर्डीहून लोकल धरली आणि हिंदुरावला न कळवता तळेगावला जाऊन चौथ्या मजल्यावरची बेल दाबली.

हिंदुरावच्या बायकोने, कुसुमताईने दार उघडलं.

“या भाऊ. दोन दिवस झाले, वाट बघतायत तुमची. जेवणसुद्धा थांबवून ठेवतात.”

“मी येणार म्हणून कुणी सांगितलं?”

“तुम्हीच कळवलंत ना? हे तर म्हणाले, येणार म्हणजे येणारच.”

आत हिंदुराव सोफ्यावर बसला होता. एका कडेला सरकून, दुसरी कडा मोकळी ठेवून. हातात कंट्रोलर, समोर भिंतभर टीव्ही, आणि टीव्हीवर पिवळाजर्द गहू.

“जय भीम, मालक,” तो मान न वळवता म्हणाला. “कापणी खोळंबलीय.”

“पीसी सांगितलं होतं,” धोंडीबा दारातूनच म्हणाला.

“दुकानात दिवे लई होते. गोंधळ झाला.”

“निरंजन होता की बरोबर!”

“त्याचाच झाला. मी आपला मोठेपणानं अंगावर घेतला.”

शिव्यांची सगळी जुळवाजुळव धोंडीबा गाडीत करून आला होता. पहिली तोंडाशी आली, तेवढ्यात त्याचं लक्ष टीपॉयकडे गेलं. तिथे दुसरा कंट्रोलर होता, मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवलेला. त्याच्या उजव्या मुठीवर निळ्या टेपचे दोन वेढे होते. घट्ट, आणि कड नखाने दाबून बसवलेली.

धोंडीबा उभाच राहिला. मग सोफ्याच्या मोकळ्या कडेला टेकला. कंट्रोलर उचलून त्याने टेपवरून अंगठा फिरवला.

“ह्याचीबी कड टोचती काय?”

“टोचत असंल. म्हटलं, तू यायच्या आत बंदोबस्त केलेला बरा.”

टीव्हीचे दोन भाग झाले. एकात हार्वेस्टर, एकात ट्रॉली. कुठलं बटण कशाचं, हे दोघांनाही धड कळत नव्हतं. ट्रॉली आधी कुंपणात गेली, मग हार्वेस्टरच्या अंगावर. मग हिंदुरावने पडद्यावरची नजर काढून धोंडीबाकडे बघितलं, धोंडीबाने त्याच्याकडे. दोघांनी मान हलवली आणि दाबलं. हार्वेस्टरच्या नळीतून गव्हाची धार सुटली ती सरळ ट्रॉलीत. दाणा बाहेर पडला नाही.

“आमच्या गावाकडं असलाच एक गहू होता,” हिंदुराव म्हणाला. त्याचा आवाज टाकीखालच्या बाकावरचा झाला होता. “एवढा उंच, की कापायला झाडावर चढावं लागायचं. एकदा आमचा चुलता चढला, तो सुगी संपल्यावर उतरला. खाली येऊन बघतो तर बायको ओळखंना.”

धोंडीबा तोंडावरची सुरकुती न हलवता ऐकत होता. हिंदुराव त्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि चुलता आणखी उंच उंच चढत होता.

कुसुमताईने चहा आणला. धोंडीबाने आल्या आल्या खोक्याचं विचारायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. पण बदलून घ्यायचं निरंजनने तिला आधीच सांगितलं असावं. ती कपाटावरून खोकं काढून घेऊन आली. पुसलेलं, कोपरासुद्धा न दुमडलेलं, आत बिलाची पावती.

“हे न्यायचंय ना तुम्हाला, भाऊ?”

हिंदुरावचा हार्वेस्टर थांबला. तो टीव्हीकडेच बघत राहिला, पण अंगठे बटणांवर नुसते टेकलेले होते.

तेवढ्यात धोंडीबाचा फोन वाजला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्याने तो कोपराने स्पीकरवर टाकला.

“बाबा, पोचलात? खोकं आहे ना धड?”

धोंडीबाने खोक्याकडे पाहिलं. हिंदुरावकडे पाहिलं. मग चहाची कपबशी उचलून शांतपणे खोक्यावर ठेवली.

“खोकं कुठलं गं,” तो म्हणाला. “घुशीनं नेलं.”

“घुशीनं? चौथ्या मजल्यावर?”

“लिफ्टनं आली असंल.”

“बाबा!”

“अगं, केवढी घूस! वासराएवढी. खोकं दातात धरलं, बिल मागितलं, आणि गेली. आता बदलून कोण देतंय? मलाच येत जावं लागंल इकडं, बुधवारचं.” त्याने हिंदुरावकडे हनुवटी केली. “खोटं वाटत असंल तर तुझ्या काकांना विचार.”

हिंदुराव फोनकडे वाकला. त्याने घसा खाकरला.

“मला काय माहीत, पोरी,” तो गंभीरपणे म्हणाला. “मी त्या दिवशी सुट्टीवर होतो.”