तांब्याच्या बुडाचा म्यूट

"हाही फुसफुसतोय," म्हणून यांनी पाचवा म्यूट काउंटरवर ठेवला, म्हणजे जवळजवळ आपटलाच. दुकानदाराने सहावा काढला.

म्यूट म्हणजे ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात बसवायचं बूच. त्याने आवाज दबतो, मऊ होतो. एवढंसं काम, पण त्यापायी आठवडाभर माझ्या नाकी नऊ आले होते. हे तिसरं दुकान. पहिल्यात यांनी म्यूटभोवतीचा कॉर्क जाड आहे म्हणून वाद घातला. दुसऱ्यात पॉलिश पेपर मागून कॉर्क इतका घासला की म्यूट बसायच्या ऐवजी आत घसरायला लागला, आणि तो आमच्याच गळ्यात पडला.

एकतीस वर्षं हे नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटच्या पहिल्या, म्हणजे मुख्य वादकाच्या, खुर्चीवर बसतात. नव्या नाटकात यांचा एकट्याचा एक छोटा तुकडा आहे, अगदी हळू, म्यूट लावून वाजवायचा. मागच्या तालमीत सुरापेक्षा हवाच जास्त ऐकू आली. शुक्रवारी जमलं नाही तर खुर्ची शेजारी बसून वाजवणाऱ्या बाईंना द्यावी लागेल, असं संचालकांनी तोंडावर सांगितलं. घरी येऊन हे जेवलेच नाहीत. मला बघवेना, म्हणून मीच म्हणाले की म्यूट जुना झालाय, दुसरं काही नाही.

झालं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. खरं तर वर्षापूर्वी समोरचे दोन दात बसवले तेव्हाच वाजवताना यांचा ओठ पूर्वीसारखा धरेनासा झाला होता, हवा निसटायची. मला स्वयंपाकघरातूनही ते कळायचं. पण कोणत्या तोंडाने सांगणार?

म्यूट निवडायची आमची एक रीत आहे. वाजवणाऱ्याला आपला आवाज लांबून कसा लागतो ते कळत नाही, म्हणून मी पलीकडच्या भिंतीशी यांच्याकडे पाठ करून उभी राहते. पसंत पडला की हात वर करायचा. वळायचं नाही, बोलायचं नाही. त्या दिवशी पाऊण तास मी भिंतीवरच्या गिटारी बघत होते. पाय भरून आले होते आणि यांचा, त्या दुकानदाराचा, माझा स्वतःचाही संताप येत होता. एकदा वाटलं, करावा उगीच हात वर आणि सुटावं. पण ते शुक्रवारी यांच्याच अंगाशी आलं असतं.

मागे काहीतरी कुजबुज झाली. आणि एकदम सूर आला, मऊ, भरलेला, हवेचा मागमूस नाही. मला इतका आनंद झाला की हात तर वर केलाच, वर रीत मोडून वळलेसुद्धा.

ट्रम्पेट दुकानदाराच्या हातात होता. त्याला तांब्याच्या बुडाचा म्यूट लावलेला, मी सगळ्यांत आधी नापास केला होता तोच. हे बाजूला उभे होते. दुकानदार ओशाळून म्हणाला की यांनीच वाजवायला सांगितलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?" यांनी विचारलं.

"दात बसवल्यापासून."

"आणि मला आठवडाभर दुकानं पालथी घालायला लावलीस."

"अहो, मला वाटलं..." रडू नाही आलं, चीड आली. त्या दातांची, त्या तुकड्याची, माझ्या या मेल्या कानांची.

आता हे ओरडणार, असं मी धरूनच चालले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. यांनी ट्रम्पेट घेतला, रुमालाने पुसून पेटीत ठेवला, आणि तिथेच उभ्या उभ्या संचालकांना फोन लावला.

"शुक्रवारचा तुकडा बाईंना द्या," हे म्हणाले. "नाही, तब्येत ठीक आहे. खुर्चीही द्या. मी शेजारी बसेन."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"आणि बाईंना म्हणावं, म्यूट शोधत फिरू नका. मी घेऊन येतोय. आमच्या हिने निवडलाय."