फराळाच्या डब्यावरची चेटकीण

मी बोलतेय. हॅलोवीनच्या जुन्या कार्डावरची चेटकीण. आधी माझी तक्रार ऐका. हे कुणी केलं ते मी घसा फोडून, नाव घेऊन सांगत होते. कुणाचा विश्वास बसला? छे! चित्रातल्या बाईचं कोण ऐकतंय.

मला छापून शंभरावर वर्षं झाली. नारिंगी चंद्र, काळी मांजर, झाडू आणि मी. ठसा मारून मला कागदातून वर उठवलंय, त्यामुळे माझी टोपी, माझं नाक बोटाला लागतं. शिक्षण म्हणाल तर पाठीवरच्या चार ओळी, तेवढंच मला वाचता येतं. 'यंदा भोपळे चांगले आलेत. तू नाहीस, घर खायला उठतं.' धाकट्या बहिणीने सासरी गेलेल्या थोरलीला लिहिलेलं. त्या थोरलीची नात बेव्हर्ली. ती आता पंच्याऐंशीची आहे, डोळे अधू झालेत. अमेरिकेत, ट्रॉय गावात सुलभाच्या शेजारी राहते.

सुलभाला जुन्या चित्रांचं वेड. ती स्कॅन करायची, प्रिंट काढायच्या, कापून जर्नलच्या वहीत चिकटवायच्या. जाड कागद चहाच्या पाण्यातून काढून वाळवते आणि त्यावर छापते, म्हणजे चित्र जुनं दिसतं. मला जुनं व्हायला शंभर वर्षं लागली, हिच्या प्रिंटांना एक कप चहा पुरतो!

बेव्हर्लीने मला दोन दिवसांसाठी दिलं. "गुरुवारी दुपारी घेऊन जाईन. शुक्रवारी मी मुलाकडे निघाले, कायमची. घरातलं बाकी सगळं वाटून टाकलंय, हे एक सोबत नेणार."

त्या गुरुवारी लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकदमच आले. सुलभाने शेजाऱ्यांसाठी फराळाचे बारा डबे भरले आणि ठरवलं, प्रत्येक डब्यावर माझी प्रिंट बांधायची. दिवाळीही झाली, हॅलोवीनही झालं. मी स्कॅनरशेजारी पडले होते. एक हात आला, मला उचललं, चकलीच्या डब्यावर ठेवलं आणि वरून सुतळी आवळली. मी ओरडले. गाठ पक्की बसली.

तासाभराने सुलभा किंचाळली. "ओरिजिनल कुठेय?"

कचऱ्याच्या डब्यात नारिंगी कात्रणं सापडली. झालं! तिची दहा वर्षांची लेक सिया कात्री घेऊन जर्नल करत बसलेली होतीच.

"तू कापलंस?"

"नो! आई, आय स्वेअर, माझी प्रिंट होती."

"मग ओरिजिनल काय झाडूवर बसून उडून गेलं?"

तेवढ्यात सुलभाचा नवरा एकनाथ एका कानातला हेडफोन काढून आला. "सिया, खरं सांग. खरं सांगितलं तर कुणी रागावणार नाही."

"मी खरंच सांगतेय, बाबा!" पोरगी रडायला लागली. आणि मी, तिथून चार हातांवर, डब्यावर बांधलेली. माणसांचं हे असंच. कात्री हातात दिसली की पुढे शोधायचंच नाही.

चारला बेव्हर्ली काठी टेकत आली. सुलभा हात जोडल्यासारखे करून म्हणाली, "आजी, मी तुमचं कार्ड घालवलं. सियाने चुकून कापलं."

"मी नाही कापलं," सिया पुटपुटली.

बेव्हर्ली खुर्चीत टेकली. तिचा चेहरा मला दिसत होता. तो बघवेना. मग तिने विचारलं, "तू कापलंस त्या चेटकिणीचं नाक कसं होतं गं?"

"नाक? फ्लॅट. कागदासारखं."

"मग ती माझी नव्हे. लहानपणी भीती वाटली की मी तिचं नाक चोळायचे. आजी रागवायची, झिजेल म्हणून. अशी चित्रं घरात अजून कुठे आहेत?"

सुलभा डब्यांकडे बघतच राहिली. सियाने एकेक डबा उचलून म्हातारीच्या मांडीवर ठेवला. बेव्हर्ली अंगठा फिरवायची आणि मान हलवायची. नाही. नाही. हीही नाही. सातवा डबा माझा. तो अंगठा टोपीवरून खाली उतरला, नाकाशी थांबला, आणि म्हातारी डोळे मिटून हसली.

"सापडलीस गं बाई."

हुश्श! खरं सांगते, शंभर वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. सुलभाने सियाला ओढून जवळ घेतलं, "चुकले गं, चुकलं माझं," म्हणत तिचे गाल पुसत राहिली. कात्रीने सुतळी कापली. माझ्या कडेला जरासा वळ उठलाय. असू दे. आता मी बेव्हर्लीच्या पर्समध्ये आहे, उद्या विमानाने जाणार. झाडू होता तो नुसता दाखवायला!

जाता जाता एवढंच सांगते. पोर रडून सांगत असेल तर आधी ऐका. आणि जुन्या वस्तूवरून एकदा बोट फिरवून बघा, डोळ्यांवर भागवू नका.

बेव्हर्ली उठता उठता म्हणाली, "गाठ मात्र चांगली बांधली होती. कुणी?"

 नाक ओढत सियाने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे कुणीतरी हेडफोन लावून, मीटिंगमध्ये असल्यासारखी मान हलवत बसलं होतं. सुलभा कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"एकनाथ!"